परक्या नावाची कबर

फ्रान्समध्ये सॉम नदीच्या परिसरात हांगार नावाचे लहानसे गाव आहे. तेथील युद्धस्मशानात एका मुंबईकराने चिरविश्रांती घेतली आहे. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर हे त्यांचे नाव. पहिल्या महायुद्धात विमानातून लढलेल्या मोजक्या हिंदी तरुणांपैकी ते एक होत.

१८९४ साली मुंबईत जन्मलेले वेलिंगकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले. १९१४ साली महायुद्ध पेटले. हिंदी शिपायाने साम्राज्यासाठी प्राण द्यावेत, परंतु लढाऊ अधिकाऱ्याची राजसनद मात्र मागू नये, अशी तेव्हाची रीत होती. वेलिंगकरांनी विमानविद्या आत्मसात केली आणि १९१७ साली रॉयल फ्लाइंग कोअरचे दार त्यांना उघडले. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय व एरोल सेन हे तिघेही त्याच वर्षी या दलात दाखल झाले.

१९१८ साली वेलिंगकर तेविसाव्या तुकडीत 'डॉल्फिन' हे एकआसनी लढाऊ विमान चालवीत होते. त्या काळी ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. विमान कोसळले, तर वैमानिकाला सुटका नसे. हे ठाऊक असूनही ही मुले रोज आकाशात झेपावत.

२७ जून १९१८ रोजी वेलिंगकरांचे विमान परतले नाही. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले व ३० जून रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. अवघ्या तीन आठवड्यांनी इंद्रलाल रॉयही पडले.

शत्रूने वेलिंगकरांना मूठमाती दिली खरी, पण त्यांचे नाव त्याला उमगले नाही. कबरीवर 'वुमकर' अशी नोंद झाली. इकडे आप्तांना जवळजवळ तीन वर्षे त्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नव्हता. अखेर १९२१ साली वुमकर म्हणजेच वेलिंगकर, हे उलगडले आणि कबरीला तिचे खरे नाव लाभले.

वाचकहो, ज्या साम्राज्यासाठी ते लढले, ते आज उरलेले नाही. त्यांच्या निष्ठेविषयी आपली मते भिन्न असू शकतील. परंतु परमुलखात मृत्यू पावलेल्या मुलाचे नावही हरवावे, यासारखे दुःख आईबापांना दुसरे नाही. म्हणून हे नाव आपण शुद्ध उच्चारावे व पुढील पिढीस सांगावे : श्रीकृष्ण वेलिंगकर, मुंबई.