एकशे वीस वर्षांपूर्वी बुबुळ बदलणारा डॉक्टर झिर्म, आणि काचबिंदूची मेख

पुण्याहून साताऱ्याला निघालं की सारोळ्याच्या पुलावर नीरा नदी ओलांडायची, की आलं शिरवळ. इथे काय किंवा हायवेवरच्या कुठल्याही गावात काय, पानटपरीवर तंबाखूसोबत चुन्याची पुडी मिळतेच. घरी आणलेली ही पुडी खेळता खेळता पोरं दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना असे पेशंट नवीन नाहीत.

चुन्यानेच डोळे गेलेला एक मजूर आणि त्याला नजर परत देणारा एक डॉक्टर, यांची ही गोष्ट.

डॉक्टरचं नाव एडुआर्ड झिर्म. जन्म 1863 सालचा, व्हिएन्नाचा. वैद्यकीचं शिक्षणही तिथंच झालं. 1892 साली तो ऑलोमोउत्स या गावी रुग्णालयातल्या नेत्रविभागाचा प्रमुख झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. राजधानी सोडून गावाकडे आलेला हा माणूस मग आयुष्यभर तिथंच राहिला.

अलोईस ग्लोगार हा मजूर चुना विझवताना दोन्ही डोळे भाजून बसला होता. बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, पांढरीफटक झालेली. डॉक्टर मंडळी तिला कॉर्निया म्हणतात. ती बदलायचे प्रयत्न त्याआधी कित्येक वर्षं चालू होते. त्यासाठी प्राण्यांची बुबुळंही वापरून झाली होती, पण बसवलेली काच काही दिवसांत गढूळ व्हायची.

त्याच सुमारास झिर्मकडे 11 वर्षांचा एक मुलगा आला. त्याच्या डोळ्यात धातूचे कण घुसले होते. नजर वाचणार नव्हती, डोळा काढावाच लागणार होता. पण बुबुळ शाबूत होतं.

7 डिसेंबर 1905. झिर्मने त्या एका डोळ्यातून 5 मिलिमीटरच्या दोन गोल चकत्या कापल्या आणि ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत एकेक बसवली. आजच्यासारखा केसाहून बारीक दोरा तेव्हा नव्हता. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाच्या पट्ट्या ओढून त्याने चकती जागेवर धरून ठेवली.

एका डोळ्यातलं रोपण फसलं. दुसऱ्यातलं स्वच्छ राहिलं आणि ग्लोगार पुन्हा कामाला जाऊ लागला. माणसाचं पूर्ण जाडीचं बुबुळ माणसाला बसवून यशस्वी झालेली ही जगातली पहिली शस्त्रक्रिया मानली जाते.

1906 साली झिर्मने हे काम एका जर्मन नेत्रवैद्यक नियतकालिकात छापलं. ते सुरू केलं होतं बर्लिनच्या आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी. हे तेच ग्रेफे, ज्यांनी 1857 मध्ये काचबिंदूवरची पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया जगापुढे मांडली होती. बुबुळ रोपण आणि काचबिंदू हे दोन विषय असे कागदावर शेजारी आले. पेशंटच्या डोळ्यात मात्र त्यांचं पटत नाही, आणि आजचे डॉक्टर सगळ्यात जास्त झगडतात ते इथेच.

कसं ते बघा. डोळ्यात सतत पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जातं. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. हा काचबिंदू. चुना ही जाळीही जाळू शकतो. म्हणजे ज्याला नवं बुबुळ हवंय, त्याच्याच डोळ्यात काचबिंदू दबा धरून असू शकतो.

बुबुळाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो बुबुळातलं पाणी उपसत राहतो, म्हणून ते पारदर्शक राहतं. या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. दाब वाढला की यांचाही बळी जाऊ शकतो. शरीराने परकं बुबुळ नाकारू नये म्हणून स्टेरॉइडचे थेंब द्यावे लागतात, आणि तेच थेंब काही जणांत दाब वाढवतात. थेंब बंद केले तर बुबुळ जाण्याची भीती, चालू ठेवले तर नस जाण्याची. औषधांनी दाब उतरला नाही तर पाणी काढायला डोळ्यात बारीक नळी बसवतात. ती दाब उतरवते, पण तिच्यामुळे बुबुळाच्या आतल्या पेशी लवकर झिजू शकतात.

बरं, दाब मोजायचं यंत्र बुबुळावरच टेकवतात. नवं बुबुळ जाड किंवा ओबडधोबड असेल तर आकडाच फसवा येतो. काचबिंदूच्या पेशंटमध्ये रोपण अपयशी ठरण्याचा धोका जास्त असतो तो या सगळ्यामुळे.

म्हणून शक्य असेल तिथे डॉक्टर आधी दाब आवरतात, मग बुबुळाला हात लावतात. घरच्यांना ही थांबण्याची गोष्ट पटत नाही. डोळा पांढरा दिसतोय, मग उशीर कशाला? पण बुबुळ दुसऱ्यांदा बसवता येतं, मेलेली नस बदलता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर डोळा आरशासारखा स्वच्छ आणि तरी समोर अंधार, असं त्यामुळेच होऊ शकतं. हल्ली गरजेनुसार फक्त आतला थर बदलतात. त्यात टाके कमी लागतात, पण दाबावर नजर ठेवावीच लागते.

झिर्मला जिवंत मुलाच्या डोळ्याची वाट बघावी लागली. पुढे 1930 च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृत व्यक्तीची बुबुळं वापरून दाखवली आणि नेत्रदानाचा रस्ता मोकळा झाला. भारतातली पहिली नेत्रपेढी 1945 मध्ये मद्रासला निघाली. आज शिरवळच्या एखाद्या घरातून वेळेत फोन गेला, तर पुण्याहून किंवा साताऱ्याहून पथक येऊ शकतं. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा. काचबिंदू असलेल्या माणसालाही नेत्रदान करता येतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याची नस गेलेली असली तरी बुबुळ चांगलं असू शकतं. ते वापरायचं की नाही, हे नेत्रपेढी तपासून ठरवते.

आणि डोळ्यात चुना गेलाच तर चोळायचं नाही. आहे तिथे, लगेच, स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास डोळ्यात सोडायची, मग दवाखाना गाठायचा.

झिर्मचा मृत्यू मार्च 1944 मध्ये ऑलोमोउत्सलाच झाला. दुसरं महायुद्ध तेव्हा चालूच होतं.