भास्कराचार्य (द्वितीय)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व ज्योतिर्विद होते. एकाहून अधिक अज्ञात राशी असलेली समीकरणे सोडविण्याची रीत त्यांनी आपल्या 'बीजगणित' या संस्कृत ग्रंथात सुसूत्रपणे मांडली.

जीवन

सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. त्याच्या स्थानाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. इ.स. ११८३ मध्ये त्यांनी 'करणकुतूहल' हा ज्योतिषग्रंथ लिहिला.

अनेकवर्ण समीकरण

अज्ञात राशींना वर्णांची, म्हणजे रंगांची, नावे देण्याची प्रथा ब्रह्मगुप्ताच्या काळापासून होती. भास्कराचार्यांनी पहिल्या राशीस यावत्तावत् व पुढील राशींस कालक, नीलक, पीतक अशी नावे योजली. प्रत्येक समीकरणातून पहिल्या राशीचे मूल्य काढावे, ती मूल्ये परस्परांशी समान मांडावीत आणि अशा रीतीने एकेक राशी कमी करीत जावे, ही त्यांची पद्धत. समीकरणे राशींपेक्षा कमी असल्यास पूर्णांक उत्तरासाठी ते कुट्टक वापरतात.

त्यांच्या एका उदाहरणात चौघांजवळ अनुक्रमे घोडे ५, ३, ६, ८. उंट २, ७, ४, १. खेचरे ८, २, १, ३ आणि बैल ७, १, २, १ आहेत. चौघांचे धन समान असल्यास प्रत्येक प्राण्याची किंमत किती? येथे अज्ञात राशी चार, पण समीकरणे तीनच. त्यामुळे उत्तरे अगणित निघतात. सर्वांत लहान धन पूर्णांकांत घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१ व बैल ४ अशा किमती येतात आणि प्रत्येकाचे धन ८५३ भरते.

वारसा

आधीच्या आचार्यांचे विस्तृत बीजगणित शिष्यांसाठी संक्षिप्त करणे हा भास्कराचार्यांचा हेतू होता. तो पुढील पिढ्यांनी जपला. त्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याचे ज्योतिषी होते. त्यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. तेथील शिलालेखाच्या अखेरच्या मराठी भागात बाजारातील उत्पन्नाचा वाटा मठास दिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख प्रकाशात आणला. 'बीजगणिता'चे कोलब्रुक यांनी केलेले इंग्रजी भाषांतर इ.स. १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले.