शिक्षेपूर्वीचा प्रश्न

सिल्लोडच्या पेठेतील व्यापारी समोरचा इसम हजर असल्याखेरीज खातेवहीतील बाकी कायम करीत नाही. मग माणसाच्या आयुष्याची सहा वर्षे त्याच्या पाठीमागे ठरवावी काय?

लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीस २३ जुलै १८५६ रोजी झाला. १८९७ साली राजद्रोहाबद्दल त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. त्या वेळी जामिनासाठी त्यांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर हेच १९०८ साली मुंबई हायकोर्टात न्यायासनावर होते. दैवगती ती हीच! टिळकांनी आपला बचाव स्वतःच केला, त्यास २१ तासांहून अधिक वेळ लागला. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांस दोषी ठरविले. तेव्हा न्यायमूर्तींनी शिक्षा देण्यापूर्वी आरोपीस काही सांगावयाचे आहे काय, असे विचारले. टिळक समोर उभे होते, म्हणूनच या प्रश्नास अर्थ होता. मोजक्या वाक्यांत त्यांनी आपले निर्दोषत्व पुन्हा सांगितले. शिक्षा टळली नाही: सहा वर्षे काळे पाणी व हजार रुपये दंड.

१९७३ च्या फौजदारी संहितेने शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ते आहे. मात्र कोठडीतील आरोपीस आता निकाल पडद्यावरूनही ऐकविता येतो. ही सोय आम्हांस खटकते. पडद्यावरील माणसाची नजर न्यायाधीशास चुकविता येते.

टिळक मंडालेहून १९१४ साली सुटले, १ ऑगस्ट १९२० रोजी वारले. त्या रात्रीचे त्यांचे शब्द १९५६ साली त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरून लावले गेले.