पावसावरून वन ओळखणारे ब्रँडिस

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या जंगलाची गोष्ट जर्मनीतल्या बॉन शहरापासून सुरू करावी लागते, असे म्हटले तर माझे वर्गमित्र हसतील. पण डिट्रिच ब्रँडिस यांचा जन्म तेथे झाला, ३१ मार्च १८२४ रोजी. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मुलगा वनस्पतिशास्त्र शिकला आणि बॉनलाच शिकवू लागला. १८५४ मध्ये त्यांचे लग्न झाले ते बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी मार्शमन यांच्या मुलीशी. त्या सोयरिकीतून त्यांचे नाव लॉर्ड डलहौसीपर्यंत गेले आणि १८५६ साली ते ब्रह्मदेशात पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांवर अधिकारी झाले. (सोयऱ्याधायऱ्यांमुळे नोकरी लागणे हे काही आपल्याकडचेच नाही!)

पेगूत व्यापाऱ्यांनी सागाची बेसुमार तोड चालवली होती. जंगलात साग उरला किती, हेच कोणाला ठाऊक नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून रान तुडवू लागले. हातात बांबूचे तुकडे असत, झाडाच्या घेराच्या प्रत्येक वर्गाला एक. साग दिसला की त्या त्या तुकड्यावर चाकूने खाच. या हिशेबातून त्यांनी नियम बांधला, की एका वर्षात जेवढी झाडे वाढून पूर्ण घेराची होतील तेवढीच त्या वर्षी तोडायची. नियम सोपा, पण त्याच्या पोटात अवघड प्रश्न दडलेला होता. झाड वर्षाला वाढते किती? आणि ते कशावर ठरते?

१८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. देशभर हिंडताना उत्तराचा मोठा भाग त्यांना पावसात सापडला. हिंदुस्थानातील वनांची विभागणी त्यांनी पावसाच्या पट्ट्यांनुसार मांडली. सिंध-राजपुतान्याच्या कोरड्या पट्ट्यात काटेरी झुडपे, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर सदाहरित अरण्य. वर्षाला साधारण ४० इंचांहून अधिक पाऊस असेल तेथेच जंगल खरे जोमाने वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्या भंडाऱ्यात पाऊस सुमारे १३०० मिलिमीटर, म्हणजे ५० इंचांच्या आसपास. मग कोका-नागझिऱ्याचे रान एप्रिलात उघडेबोडके का दिसते? कारण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरातच पडून जातो. पुढचे सात-आठ महिने साग, धावडा जमिनीतल्या ओलीवर काढतात आणि ती संपत आली की पाने गाळतात. पान नाही म्हणजे अन्न तयार होणे नाही, वाढ बंद. म्हणूनच सागाच्या खोडात वर्षाला एक वलय उमटते. चांगल्या पावसाचे बहुधा रुंद, दुष्काळाचे अरुंद. उलट, जितका पाऊस जास्त तितकी वाढ जास्त, असेही कायम चालत नाही. एका मर्यादेपुढे ढगांमुळे ऊन कमी पडते, पाण्याबरोबर मातीचा कसही वाहून जातो. हे शास्त्रज्ञांनी ब्रँडिस यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी मोजून दाखवले.

हे सारे वाचताना मला पुस्तकातले वाटले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझी फी मोहफूल व तेंदूपत्ता यांतूनच येते. मार्चात आभाळ भरून आले की मोह नीट गळत नाही. मे महिन्यात अवकाळी पाऊस वा गारा झाल्या की पानावर डाग पडतात आणि आईचे पुडे बाजूला काढले जातात. वर्षाचा पाऊस किती इंच, यापेक्षा तो केव्हा, हे आईला पावसाची कोष्टके न पाहताच कळते.

म्हणूनच १८७८ चा वनकायदा या चरित्रात मला सर्वांत जास्त खुपतो. गावांचे जुने हक्क पुसून सारे जंगल सरकारचे करावे, असा बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचा आग्रह होता. ब्रँडिस यांचे म्हणणे वेगळे. महत्त्वाची वने सरकारने राखावीत, पण गावांना त्यांची स्वतःची ग्रामवने द्यावीत. देवरायांविषयीही त्यांना आदर होता. कायद्यात ग्रामवनांचे कलम आले खरे, पण ते बहुतेक कागदावरच राहिले. राखीव जंगले मात्र वाढत गेली. ब्रँडिस यांना यातून संपूर्ण मोकळे करावे, असे मला वाटत नाही. खाते त्यांनीच उभारले होते. तरी त्यांचे ऐकले असते तर आमच्यासारख्या गावांचे दिवस काही निराळे गेले असते.

त्याच १८७८ साली त्यांनी डेहराडूनला वनविद्यालय सुरू केले, १८८३ मध्ये ते निवृत्त झाले. म्हातारपणी बॉनला व लंडनजवळ क्यू येथे बसून त्यांनी वाळवलेल्या पानाफुलांवरून ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ लिहिला. तो १९०६ साली निघाला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. आमचा तेंदू त्यात आहे, मोहही आहे. पुढच्या वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉनमध्येच त्यांचे निधन झाले.