विश्लेषण : राजधानी जळाली, तरी नेता लोकप्रिय कसा ठरला? जेम्स मॅडिसन आणि १८१२चे युद्ध

२४ ऑगस्ट १८१४. ब्रिटिश सैन्य वॉशिंग्टनमध्ये शिरले आणि संसद भवन व राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाला आग लावली. राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांना काही तास आधीच शहर सोडावे लागले होते. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेची राजधानी परकीय सैन्याच्या हाती पडल्याची ही एकमेव घटना. तरीही अडीच वर्षांनी मॅडिसन पायउतार झाले, ते लोकप्रिय नेते म्हणून. असे का घडले?

मॅडिसन कोण होते?

मॅडिसन यांचा जन्म १७५१चा, व्हर्जिनियातला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, आवाज हळू आणि प्रकृती नाजूक. त्यांची ताकद अभ्यासात होती. १७८७ मध्ये अमेरिकेची राज्यघटना तयार झाली, तेव्हा चर्चेचा मूळ आराखडा मुख्यतः त्यांच्या विचारांवर आधारलेला होता. नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्यांचा मसुदाही त्यांनीच मांडला. त्या १७९१ मध्ये लागू झाल्या. मोठे खडे सैन्य, कर्ज आणि जड कर यांतून लोकशाहीला धोका निर्माण होतो, असे ते मानत. १८०९ मध्ये ते चौथे राष्ट्राध्यक्ष झाले आणि युद्धाचा निर्णय नेमका त्यांच्यावरच येऊन ठेपला.

युद्ध कशामुळे पेटले?

ब्रिटन तेव्हा नेपोलियनशी लढत होता. फ्रान्सची कोंडी करण्यासाठी ब्रिटनने तटस्थ देशांच्या व्यापारावर निर्बंध लादले आणि अमेरिकी जहाजे अडवायला सुरुवात केली. नौदलातून पळालेले खलाशी शोधण्याच्या नावाखाली हजारो अमेरिकी खलाशांना जबरदस्तीने ब्रिटिश नौदलात भरती केले गेले. १८०७ मध्ये तर ‘चेसापीक’ या अमेरिकी युद्धनौकेवरच गोळीबार करून चार जणांना उचलून नेण्यात आले.

अमेरिकेने आधी व्यापारबंदीचे हत्यार उपसले. त्यात नुकसान स्वतःच्याच बंदरांचे आणि शेतकऱ्यांचे झाले. पश्चिमेकडे टेकुमसे हा शॉनी नेता आदिवासी जमातींना एकत्र करून गोऱ्या वसाहतींचा विस्तार रोखू पाहत होता. त्याला ब्रिटिशांची फूस असल्याचा अमेरिकेत समज होता. काही खासदारांचा डोळा ब्रिटिशांच्या ताब्यातील कॅनडावरही होता.

१ जून १८१२ रोजी मॅडिसन यांनी संसदेपुढे तक्रारींची यादी ठेवली. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, तर सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मते पडली. १८ जूनला युद्ध जाहीर झाले. दुर्दैव असे, की पाचच दिवसांनी ब्रिटनने ते व्यापारी निर्बंध मागे घेतले. पण जहाजाने बातमी पोहोचायला काही आठवडे लागत. ती आली तेव्हा लढाई सुरू झाली होती आणि सक्तीच्या भरतीचा प्रश्न तसाच होता.

रणांगणावर काय झाले?

तयारी नव्हतीच. राष्ट्रीय बँकेची मुदत १८११ मध्ये संपली होती आणि संसदेने ती वाढवली नव्हती. त्यामुळे पैसा उभा करणे अवघड झाले. ऑगस्ट १८१२ मध्ये डेट्रॉइटचा किल्ला शत्रूच्या हाती गेला आणि कॅनडा जिंकण्याचे बेत फसले. समुद्रावर काही चकमकी आणि १८१३ मध्ये ईरी सरोवरावरील विजय, एवढाच दिलासा. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर ब्रिटनचे अनुभवी सैनिक मोकळे झाले आणि वॉशिंग्टन जळाले. बाल्टिमोरच्या किल्ल्याने मात्र तग धरला. त्यावर रचलेले गीत पुढे १९३१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रगीत झाले.

२४ डिसेंबर १८१४ रोजी घेंट शहरात तह झाला. ती बातमीही उशिराच पोहोचली. दरम्यान ८ जानेवारी १८१५ रोजी अँड्र्यू जॅक्सन यांनी न्यू ऑर्लिन्सला ब्रिटिशांचा मोठा पराभव केला. जूनअखेरीस तर सुंदा सामुद्रधुनीत एका अमेरिकी युद्धनौकेने ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ दलाचे ‘नॉटिलस’ हे जहाज पकडले. तह झाल्याचे सांगूनही चकमक टळली नाही.

कोणी काय कमावले, काय गमावले?

तहाने सीमा युद्धापूर्वीच्याच ठेवल्या. सक्तीच्या भरतीचा त्यात उल्लेखही नव्हता, मात्र युरोपातील युद्ध संपल्याने ती आपोआप थांबली. पूर्वीच्या राज्यकर्त्यासमोर देश टिकला, हीच अमेरिकी जनतेच्या लेखी जिंकल्याची खूण ठरली. युद्धाला विरोध करणारा फेडरलिस्ट पक्ष काही वर्षांत संपला. कॅनडात आक्रमण परतवल्याचा अभिमान रुजला.

खरी किंमत आदिवासींनी मोजली. १८१३ मध्ये टेकुमसे मारला गेला आणि त्याची आघाडी मोडली. क्रीक जमातीला दोन कोटी एकरांहून अधिक जमीन सोडावी लागली. युद्धकाळात ब्रिटिशांकडे पळून गेलेल्या हजारो गुलामांना मात्र स्वातंत्र्य मिळाले.

मॅडिसन बदलले का?

काही बाबतीत, हो. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेला विरोध करणाऱ्या मॅडिसन यांनीच १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही केली. देशी उद्योगांना संरक्षण देणारे आयात शुल्कही मान्य केले. एका गोष्टीवर मात्र ते ठाम राहिले. युद्धात कडवी टीका होऊनही त्यांनी टीकाकारांची तोंडे बंद करणारा कायदा आणला नाही. पण हक्कांचा मसुदा लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मळ्यावरील शंभरहून अधिक गुलामांना कधीच मुक्त केले नाही. २८ जून १८३६ रोजी त्याच मळ्यावरील घरात, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.