मलिक अंबर : विकला गेलेला वजीर आणि न चुकवलेला हिशोब

वसई-विरारहून आपली कितीतरी कुटुंबे खुलताबादला जियारतीला जातात. तिथेच मलिक अंबरचा मकबरा आहे, पण तिकडे पावले क्वचितच वळतात.

१५४८च्या सुमारास हबश म्हणजे आजच्या इथिओपियात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. मोखा, बगदाद अशा बाजारांतून मालक बदलत गेले. एका मालकाने त्याला शिकवले, अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. चंगेझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम! तो वारल्यावर त्याच्या बेवेने अंबरला आझाद केले.

१६००मध्ये मुघलांनी अहमदनगर घेतले. अंबरने हार मानली नाही. निजामशाही वारस गादीवर बसवून, मराठा सरदारांना सोबत घेऊन त्याने गनिमी काव्याने दिल्लीला झुंजवले. १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले आणि नहर-ए-अंबरीने पाणी आणले. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला. १६२४ला भातवडी जिंकली. १६२६मध्ये इंतकाल झाला.

आपण मुलांना ही गोष्ट अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण एक अंबर वजीर झाला म्हणून बाकीच्यांचे काय? त्यांच्या मेहनतीची मजुरी कुणी दिली?

ब्रिटनने १८३३च्या कायद्याने गुलामगिरी बंद करताना २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड २०१५ साली झाली! कंपनी सरकारचा हिंदुस्थान त्या कायद्यातून वगळला होता. इथे १८४३चा कायदा आला, त्यातही गुलामांना भरपाई नव्हती. आज कॅरिबियन देश हाच हिशोब मागताहेत.

दोष फक्त गोऱ्यांचा म्हणून आपण सुटत नाही. अंबरला विकणारे-घेणारे आपल्यातलेही होते. कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये गुलामांच्या सुटकेलाही जागा दिली आहे. म्हणजे आझादी नुसत्या तोंडाने नाही, पैसा खर्चून द्यायची. हा हुकूम पाळला असता तर बाजार भरलेच नसते.

पुढच्या वेळी खुलताबादला गेलात तर मलिक अंबरसाठी फातेहा पढा. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांच्यासाठीही हात उचला. आणि आपल्या घरी-दुकानी राबणाऱ्याची मजुरी आजच चुकती करा.