विश्लेषण : कंट्री संगीत वाचवण्यासाठी फिडल बाजूला ठेवणारे चेट अ‍ॅटकिन्स कोण होते?

१९५०च्या दशकात रॉक अँड रोलने अमेरिकेतील तरुण श्रोते खेचून घेतले आणि कंट्री संगीताचा बाजार डळमळला. तो सावरणाऱ्या निर्मात्यांत चेट अ‍ॅटकिन्स आघाडीवर होते. त्यांच्या उपायावरचा वाद मात्र आजही संपलेला नाही.

गिटार कशी शिकले?
२० जून १९२४ रोजी टेनेसी राज्यातील लट्रेल येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून दम्याचा त्रास. आडवे होता येत नसे, म्हणून खुर्चीत बसून गिटार वाजवत झोप येण्याची वाट पाहायची. रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन ऐकून त्यांनी सराव केला. ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनीनेच वाजवतात, हे रेडिओवर दिसणार कसे? अ‍ॅटकिन्स यांनी अंगठ्यासोबत इतर बोटेही वापरली आणि तीच त्यांची शैली ठरली.

निर्माते कसे झाले?
अनेक रेडिओ केंद्रांतील नोकऱ्या गमावल्यानंतर १९५० मध्ये ते नॅशव्हिलला आले. स्टुडिओत हँक विल्यम्स, एव्हर्ली ब्रदर्स यांना साथ केली. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लीच्या ‘हार्टब्रेक हॉटेल’च्या वादकांतही ते होते. म्हणजे कंट्रीला हादरवणाऱ्या लाटेतही त्यांची गिटार होती. १९५७ मध्ये आरसीए कंपनीने नॅशव्हिलची सूत्रे त्यांच्याकडे दिली.

‘नॅशव्हिल साउंड’ म्हणजे काय?
फिडल आणि स्टील गिटार ही कंट्रीची ओळख. अ‍ॅटकिन्स यांनी ती मागे सारून मृदू कोरस, पियानो आणि व्हायोलिनवृंद आणला. जिम रीव्हज यांचे ‘हील हॅव टू गो’ शहरी श्रोत्यांनाही भावले आणि पॉपच्या यादीतही वर गेले. कृष्णवर्णीय गायक चार्ली प्राइड यांना करारबद्ध करण्याचे धाडसही अ‍ॅटकिन्स यांचेच.

आक्षेप कोणता?
विक्री वाढली, पण गाणी एका साच्यातली होऊ लागली. विली नेल्सन, वेलन जेनिंग्ज यांनी स्टुडिओवर स्वतःचा ताबा मागत बंड केले. कंट्री आपली ओळख गमावत असल्याची खंत अ‍ॅटकिन्स यांनी पुढे स्वतःच व्यक्त केली.

शेवट कसा झाला?
१९८२ मध्ये आरसीए सोडून ते पुन्हा मनासारखी गिटार वाजवू लागले. १४ ग्रॅमी मिळवणाऱ्या या वादकाचे ३० जून २००१ रोजी नॅशव्हिलमध्ये निधन झाले. त्यांनी कंट्रीला जगवले की बदलून टाकले? उत्तर बहुधा दोन्ही.